पाऊल हाती घेऊन पाहावे

वर्धा शहराला लागून असलेल्या दत्तपूर येथे १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य आरंभिले, आणि पुढे थोड्याच वर्षांत सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्र्यांच्या व्याधिग्रस्त देहाची शुश्रूषा खुद्द गांधीजी आपल्या हातांनी करू लागले, ही हकीकत या जिल्ह्यातील लहानथोरांच्या परिचयाची आहे. कुष्ठसेवेच्या क्षेत्रात काम करणारी माणसे रुग्णाला एक नेम शिकवितात, तो असा की, ज्या पावलाची संवेदना हरपली आहे ते पाऊल दररोज सायंकाळी धुऊन, पुसून, उजेडात धरून डोळ्यांनी पाहावे आणि हातांनी चाचपावे. कारण बाभळीचा काटा रुतला, बुटातला खिळा टोचला, फोड येऊन फुटला, तरी ते पाऊल धन्याकडे फिर्याद घेऊन येत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूच्या पावलाची संवेदना शाबूत असते आणि वेदनाही त्याला होते. परंतु ती कोठे होते, केव्हापासून होते, कशाने वाढते, हे शब्दांत मांडण्याची शक्ती अनेकदा तोकडी पडते, आणि मग त्याचेही पाऊल फिर्याद न करता सोसत राहते. कुष्ठसेवेतला हा नेम अशा खेळाडूंच्या घरी, शाळेत आणि क्रीडांगणावर आणावा, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. आणि त्या पावलावर जो देहाचा भार पडतो त्याचा विचार केल्यावाचून पावलाचा विचार पुरा होत नाही, म्हणून तोही ओघाने येईल.

काही वर्षांपूर्वी एका क्रीडास्पर्धेत शंभर मीटरच्या शर्यतीत धावणारा चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा निम्म्या वाटेवर थांबला, खाली बसला आणि बूट ओढून काढू लागला. त्याच्या सोबतच्या माणसांनी त्याला प्रथम हाका मारल्या, मग दटावले, आणि शेवटी 'हा असाच हट्टी आहे' असा निर्वाळा देऊन दंडाला धरून बाजूस नेले. बूट निघाला तेव्हा दिसले ते असे की, बूट त्याच्या पावलाहून निदान दोन मापे लांब होता, तो निसटू नये म्हणून आत बोळा कोंबलेला होता, आणि त्या बोळ्यावर आदळून अंगठ्याचे नख मांसात रुतले होते. मुलाने तक्रार केली नव्हती असे म्हणता येणार नाही. त्याने ती आपल्या रीतीने, बसून आणि बूट काढून केली होती, आणि ती वाचणारे कोणी नव्हते. तेव्हापासून धावणारा मुलगा थांबला, मुलगी सरावाच्या वेळी रडू लागली, कोणी एकाएकी चवड्यांवर चालू लागला, की स्वभावाचा दोष काढण्याआधी पावलाकडे पाहावे, असा दंडक मी स्वतःला घालून घेतला आहे.

बौद्धिक अक्षमता हा शब्द आज कायद्याच्या दप्तरी रुजू आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ज्या एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली, त्यांत त्याचा समावेश होतो. जुना 'मतिमंद' हा शब्द पुष्कळ शाळांच्या पाट्यांवर अजून आहे, पण बोलताना तो टाळणेच शोभून दिसेल. या अक्षमतेची मापे भारतीय मुलांना जुळतील अशी करून घेण्याचे मोठे काम नागपूरच्या डॉ. ए. जे. मालिन यांनी केले, आणि त्यांच्या नावाची बुद्धिमापन-चाचणी देशभर वापरली जाते. परंतु दाखल्यावरची टक्केवारी खेळाडूच्या पोटरीची ताकद सांगत नाही आणि त्याच्या टाचेचा कलही सांगत नाही. त्यासाठी निराळी मापे घ्यावी लागतात.

ही गोष्ट जगाच्या ध्यानात यावयास वेळ लागला. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने २० जुलै १९६८ रोजी शिकागो येथे अशा खेळाडूंसाठी पहिले स्पेशल ऑलिम्पिक भरले, त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी, १९९७ साली, ते भरविणाऱ्या संस्थेने खेळाडूंच्या आरोग्यतपासणीचा 'हेल्दी अॅथलीट्स' हा उपक्रम सुरू केला; त्यात डोळे, दात व कान यांच्या जोडीने 'फिट फीट' या नावाने केवळ पावलांची तपासणी होते, आणि दुसऱ्या एका विभागात उंची, वजन, आहार यांची विचारपूस होते. आपल्याकडे स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था हेच कार्य करते. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत भारतीय चमूने ७६ सुवर्णपदकांसह एकूण २०२ पदके मिळविली, ही गौरवाची गोष्ट आहे. तथापि त्या पदकांपर्यंत न पोचणारी, वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांतील गावोगावची जी मुले आहेत, त्यांची पावले पाहण्यासाठी शिबिराची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. टेप, पाण्याची परात, एक वही आणि जाणत्या माणसाचे दोन डोळे एवढ्या सामग्रीवर पुष्कळ काम होते.

प्रथम देहाचा विचार करू. वजनकाटा जो आकडा दाखवितो त्यात हाडे, स्नायू, मेद, पाणी हे सारे एकत्र असते. खेळाडूला उपयोगी पडतो तो स्नायू, आणि वाहून न्यावा लागतो तो अतिरिक्त मेद. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बीएमआय (किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा आकडा) या दोहोंत भेद करीत नाही. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोघा वैद्यांनी आपला एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या देहात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के निघाले, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. दिसावयास सडपातळ असणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटाभोवती मेद दडून असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला दाखविले, आणि भारतीय प्रौढांसाठी बीएमआयची मर्यादा पाश्चात्त्यांहून खाली आणून २३ पासून पुढे वजन अधिक व २५ पासून पुढे स्थूलता असे मानण्याचा संकेत रूढ झाला. अठरा वर्षांखालील मुलांना हे आकडे सरळ लावू नयेत. त्यांच्यासाठी भारतीय बालरोग संघटनेने २०१५ साली सिद्ध केलेले वाढीचे तक्ते आहेत, ते डॉक्टरांकडून भरून घ्यावेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची उंची मुळातच कमी असते, सबब त्यांचा बीएमआय पाहून घाईने निष्कर्ष काढणे अधिकच धोक्याचे आहे.

मग घरी काय करावे? कंबर मोजावी. खेळाडूला सरळ उभे करून, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे तर त्वचेवर, टेप आडवा धरावा आणि त्याने सहज श्वास सोडला की आकडा वाचावा. प्रौढ पुरुषात ९० व स्त्रीत ८० सेंटीमीटरच्या पुढे हा आकडा गेला तर पोटाभोवती मेद साठू लागला असे समजावे. 'पोट आत घे' असे सांगू नये, आणि हे खेळाडू आज्ञाधारक असल्यामुळे 'नीट उभा राहा' एवढ्या शब्दांवरही ते पोट आत ओढतात, म्हणून आकडा दोनदा घ्यावा. दंडाची किंवा पाठीची चिमटीत धरलेली त्वचा कॅलिपरने मोजण्याची पद्धत चांगली आहे, पण ती शिकलेल्या हातानेच करावी, कारण चिमटा दुखतो आणि एकदा भ्यालेला खेळाडू पुन्हा टेपलाही जवळ येऊ देत नाही. व्यायामशाळांतून आता जी विजेची यंत्रे तळपायाखालून सूक्ष्म प्रवाह सोडून मेदाची टक्केवारी सांगतात, त्यांचा आकडा देहातील पाण्यावर अवलंबून असतो, आणि वैशाखात, जेव्हा विदर्भाचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, सरावानंतर घामाने निथळलेल्या मुलाला त्या यंत्रावर उभे केले तर जो आकडा येईल त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. मोजावयाचे तर सकाळी, शौचमुखमार्जनानंतर, न्याहारीपूर्वी, आणि दर खेपेस त्याच यंत्रावर.

या खेळाडूंत मेद का वाढतो, याची कारणे समजून घेतल्यावाचून त्यांना 'खादाड' ठरविणे हा अन्याय होय. शेजारची मुले गल्लीत क्रिकेट खेळतात तेव्हा याला कोणी संघात घेत नाही. रस्त्यावर एकटे जाऊ देण्याची घरच्यांना धास्ती वाटते. दिवसाचे कित्येक तास दूरदर्शनसंचापुढे जातात. फेपऱ्यासाठी दिलेले सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा वर्तनाच्या तक्रारींसाठी दिलेले रिस्पेरिडोन यांसारखी औषधे भूक व वजन वाढवू शकतात; ती आपल्या मनाने बंद करणे प्राणावर बेतू शकते, परंतु औषध सुरू झाल्याची तारीख आणि त्यानंतरची वजने वहीत मांडून डॉक्टरांपुढे ठेवणे हे पालकांचे कर्तव्यच आहे. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचे प्रमाण मोठे असते, आणि मंदावलेल्या थायरॉइडमुळे आलेला जडपणा आळस समजला जातो, म्हणून वर्षातून एकदा रक्ताची तपासणी अवश्य करावी. आणि एक कारण आपल्या प्रेमात आहे. मुलाने बूट घातला की बिस्कीट, फेरी मारली की चॉकलेट, स्पर्धेत उतरला की कुरकुरीत पदार्थांचे पाकीट, अशी शाबासकीची चाल आपणच पाडलेली असते. वर्ध्याचा गोरसपाक सणावारी जरूर खाऊ घालावा, त्यात वावगे काही नाही. पण रोजची शाबासकी टाळीची, मिठीची, वहीतल्या चांदणीची असावी. घरच्या ताटाबद्दल मला फारसे काही सांगावयाचे नाही, कारण ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची किंवा चिवळीची भाजी, जवसाची चटणी आणि ताकाचा पेला हे ताट खेळाडूला उत्तम आहे. दोष बहुधा ताटाबाहेर, दोन जेवणांच्या मधल्या वेळी सापडतो.

याची दुसरी बाजूही विसरू नये. खेड्यांत असे पुष्कळ खेळाडू आढळतील की ज्यांची अडचण मेदाची मुळीच नाही, बीएमआय १८.५ च्या खाली, दात किडलेले, घास नीट चावता येत नाही म्हणून वरणभातावर भागविणारे, पोटात जंत, चेहरा फिकट. अशाला मैदानावर फेऱ्या मारावयास लावणे म्हणजे रिकाम्या कोठारातून धान्य काढण्यासारखे आहे. त्याला आधी दंतवैद्याकडे न्यावे, रक्तातील हिमोग्लोबिन पाहावे, आहारात डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांची तजवीज करावी, आणि स्नायू कमावण्याचा व्यायाम मग द्यावा.

आता हा देह ज्यावर उभा आहे त्या पावलाकडे येऊ. धावताना दर पावलागणिक जमिनीकडून जो आघात परत येतो तो देहाच्या वजनाच्या सुमारे दुप्पट ते तिप्पट असतो. म्हणजे वजन पाच किलोंनी वाढले तर प्रत्येक पावलावर दहा ते पंधरा किलोंचा अधिक भार पडतो, आणि एका सरावात तो शेकडो वेळा पडतो. पावलाची कमान ही हाडे, त्यांना बांधणारे अस्थिबंध आणि पोटरीतून उतरणारे स्नायू यांच्या संगनमताने उभी राहते. ज्या खेळाडूंचे स्नायू मुळात सैल आणि अस्थिबंध शिथिल असतात, त्यांची कमान या भाराखाली आत खचते, टाच बाहेर कलते, गुडघे आत वळू पाहतात, चालणे फताडे होते, थकवा लवकर येतो. थकलेला खेळाडू हालचाल टाळतो, हालचाल टळली की मेद वाढतो, आणि वाढलेला मेद पुन्हा त्याच कमानीवर येऊन बसतो. हे चक्र कोठे तरी तोडावे लागते, आणि माझे मत असे की ते पावलापाशी तोडणे सोपे जाते, कारण वजन उतरावयास महिने लागतात, पण चुकीचा बूट आजच काढता येतो.

पावलाची ठेवण पाहण्याची सर्वांत सुलभ रीत आपल्या आजीच्या काळापासून अंगणात होती. परातीत पाणी घ्यावे, खेळाडूला त्यात पाय बुडवून सारवलेल्या जमिनीवर, शहाबादी फरशीवर किंवा जाड तपकिरी कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करावे, आणि मग बाजूला करून उमटलेला ठसा पाहावा. ठशाच्या आतल्या बाजूला खोबण दिसली तर कमान आहे. खोबण मुळीच नसून सारा तळवा भरीव उमटला तर पाऊल सपाट आहे. टाच व चवडा यांच्यामध्ये ठसा जवळजवळ तुटला तर कमान प्रमाणाबाहेर उंच आहे, आणि असे उंच कमानीचे पाऊल आघात कमी शोषते, त्यामुळे घोटा मुरगळण्याची भीती अधिक. त्यानंतर खेळाडूच्या मागे जमिनीवर बसून त्याच्या टाचा पाहाव्यात: त्या उभ्या रेषेत आहेत की बाहेर कलल्या आहेत? पायाच्या बाहेरच्या अंगाने किती बोटे डोकावतात? करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट दिसणे स्वाभाविक. तीन-चार बोटे दिसू लागली तर चवडा बाहेर वळला आहे.

भौतिकोपचारतज्ज्ञ हेच निरीक्षण 'फूट पोश्चर इंडेक्स' या मापाने पद्धतशीर करतात. त्यात घोट्याखालच्या हाडाचे डोके, घोट्याच्या वरखालची वक्रता, टाचेचा कल, आतल्या अंगाचा फुगवटा, कमानीचा आकार आणि चवड्याचे वळण अशा सहा बाबी पाहून प्रत्येकीस उणे दोन ते अधिक दोन असे गुण देतात. बेरीज शून्य ते पाच आली तर ठेवण स्वाभाविक, सहा ते नऊ आली तर पाऊल आत खचलेले, दहा वा अधिक आली तर फार खचलेले, आणि बेरीज शून्याखाली गेली तर पाऊल बाहेरच्या कडेवर झुकलेले समजतात. या तपासणीला यंत्र लागत नाही, खेळाडूला दोन-तीन मिनिटे स्वस्थ उभे राहावे लागते एवढेच. म्हणून ज्याला बोलून सांगता येत नाही त्याच्यासाठी ती विशेष सोयीची आहे. शाळेने वर्षातून दोनदा, जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि दिवाळीनंतर, ती करून घ्यावी.

परंतु सपाट पाऊल म्हणजे रोग, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. लहान मुलांची पावले मुळात सपाटच असतात व कमान वयाच्या आठ-दहा वर्षांपर्यंत घडत जाते. आणि कित्येक प्रौढ सपाट पावलांनी जन्मभर विनातक्रार चालतात. खेळाडूला चवड्यांवर उभे करावे. टाचा उचलल्याबरोबर कमान उमटली तर ते पाऊल लवचिक आहे, आणि वेदना नसेल तर त्याला उपचाराची गरज नाही. कमान उमटलीच नाही, पाऊल ताठर राहिले, एकाच पायाची कमान खचली, पोटरीत किंवा घोट्याच्या आतल्या बाजूस सूज वा दुखणे आहे, किंवा पूर्वी चांगला धावणारा आता अडखळतो, अशी लक्षणे असतील तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. दुकानात मिळणारे कमानीचे तयार आधार सरसकट सर्वांच्या बुटांत घालण्याची जी प्रथा पडू पाहत आहे, ती मला पसंत नाही. ज्याला दुखते त्याला द्यावे, ज्याला दुखत नाही त्याच्या पायात खर्च आणि ओझे घालू नये.

बुटांविषयी बोलताना दक्षिणेतील एका पाहणीचा उल्लेख करणे भाग आहे. उदय भास्कर राव व बेंजामिन जोसेफ यांनी चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली असे दाखविले की, पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत केवळ २.८ टक्के होते. हा फरक ज्यांचे सांधे शिथिल असतात अशा मुलांत सर्वांत ठळक होता, आणि पुढून बंद बुटांत अधिक, चपलांत कमी असा त्याचा क्रम होता. यावरून सर्वांना अनवाणी धावावयास लावावे असे मी म्हणणार नाही, कारण काळ्या मातीत काटे, काच आणि जंतांची अंडी असतात व तापलेल्या डांबरावर तळवे पोळतात. तथापि लहान मुलाला घरात, ओसरीवर, स्वच्छ वाळूत दररोज काही वेळ अनवाणी वावरू द्यावे, आणि दिवसभर बंद बुटात कोंडून ठेवू नये.

धावण्याचा बूट मात्र हवाच, आणि तो पावलाला जुळणारा हवा. संस्थांतून पुष्कळदा असे घडते की, देणगी मिळते, बूट एकगठ्ठा मागविले जातात, आणि मग ज्याला जे येईल ते वाटले जाते. या दानशूरतेत हेतू निर्मळ असला तरी बोटांचे हाल होतात. खरेदीपूर्वी दुपार कलल्यावर, जेव्हा पाऊल किंचित फुगलेले असते, खेळाडूला कागदावर उभे करून दोन्ही पावलांची रेघ पेन्सिलीने ओढावी, कारण दोन पावले क्वचितच सारखी असतात. ती आकृती कापून दुकानात न्यावी व बुटात सरकवून पाहावी. कागद दुमडला तर बूट अरुंद आहे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सुटावी. टाचेचा भाग दाबला असता चेपू नये. तळ वाकवला असता तो बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे. डाऊन सिंड्रोम असलेल्या खेळाडूचे पाऊल आखूड, चवड्याला रुंद, आणि अंगठा व शेजारचे बोट यांत फट असलेले असते. त्याला लांबीने बरोबर असलेला बूट रुंदीला आवळतो, आणि रुंदीसाठी मोठे माप घेतले की तो पुढे अडखळून पडतो. अशा वेळी रुंद घडणीचा बूट शोधावा, आणि न मिळाल्यास चर्मकाराकडून वरचा भाग ढिला करून घ्यावा. गावातल्या मोच्याच्या हाती हे कौशल्य अजून आहे. ज्या जिल्ह्यात नालवाडीच्या चर्मालयाने मेलेल्या जनावरांच्या कातड्यापासून चपला करण्याचा उद्योग प्रतिष्ठेला नेला, तेथे पावलाप्रमाणे पादत्राण करून घेणे हे अशक्यप्राय मानू नये. नाडी बांधता येत नसेल तर चिकटपट्टीचा बूट घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

त्वचा आणि नखे यांचा विषय लहान वाटतो, पण मैदानावरची निम्मी कुरकुर तेथेच असते. पावसाळ्यात ओले मोजे दिवसभर पायात राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, उन्हाळ्यात टाचांना भेगा पडतात, घट्ट बुटाने कुरूप धरते. पाय धुतल्यानंतर बेचक्या कोरड्या पुसण्याची सवय हाताला हात लावून शिकवावी. मोजे सुती असावेत व रोज बदलावेत. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. कुरूप ब्लेडने कापण्याचा उपद्व्याप घरी कदापि करू नये, आणि मधुमेह असेल तर नखेही जाणत्याकडूनच काढून घ्यावीत.

व्यायामांपैकी जे खरोखर उपयोगी पडतात ते साधे आहेत. भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा सावकाश उचलणे व सावकाश टेकविणे, प्रथम दहा वेळा. जमले की एका पायावर. ताटात चिंचोके पसरून ते पायाच्या बोटांनी उचलून वाटीत टाकणे. हा खेळ मुलांना आवडतो आणि तळव्याचे बारीक स्नायू त्यातून जागे होतात. एका पायावर उभे राहून दहा अंक मोजणे. भिंतीकडे तोंड करून मागचा पाय ताठ ठेवून पोटरी ताणणे; ज्याला टाचा टेकवून उकिडवे बसता येत नाही त्याची टाचेमागची शीर बहुधा आखडलेली असते, त्याला हा व्यायाम रोज द्यावा. याच्या जोडीला दररोजचे झपझप चालणे, आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा किंवा हलके वजन उचलणे, एवढ्याने स्नायू वाढून मेद हटू लागतो. क्रम रोज तोच असावा, सूचना एका वेळी एकच द्यावी, शब्दांपेक्षा करून दाखवावे, आणि मोजणी सर्वांनी मोठ्याने मिळून करावी. उन्हाळ्यात सराव सूर्योदयापूर्वी आटोपावा.

येथे एक इशारा कळकळीने देतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही व्यक्तींच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांचा सांधा अस्थिर असतो. त्यांना कोलांटी, सूर मारून पाण्यात उडी, उंच उडी यांसारखे मानेवर भार आणणारे प्रकार डॉक्टरी तपासणीवाचून देऊ नयेत. आणि अशा खेळाडूची चाल अकस्मात बदलली, हात दुबळे वाटू लागले, मान दुखू लागली किंवा लघवीवरचा ताबा नव्याने सुटला, तर पावलाचे निदान करीत न बसता सराव त्याच क्षणी थांबवून रुग्णालय गाठावे.

तपासणी कशी करावी याइतकेच ती कोणत्या रीतीने करावी यालाही महत्त्व आहे. खेळाडू पंचवीस वर्षांचा असला तर तो प्रौढ आहे. 'पाय पाहू का?' असे त्याला विचारावे, त्याच्या होकाराची वाट पाहावी, आणि नकार दिला तर उद्या पुन्हा विचारावे. मुलींची मापे स्त्रीनेच घ्यावीत, आडोशाला घ्यावीत. वजन सर्वांदेखत मोठ्याने वाचून दाखविणे ही क्रूरता आहे, मग ते हसत केले तरी. दुखते का, असे विचारले तर पुष्कळ खेळाडू समोरच्याला बरे वाटावे म्हणून हवे ते उत्तर देतात. त्याऐवजी हसऱ्या व रडक्या चेहऱ्यांची चित्रे पुढे ठेवावीत, आणि तळवा दाबताना नजर त्याच्या पायाकडे नव्हे तर चेहऱ्याकडे असावी.

अधिक तपासणीची सोय या जिल्ह्यात घराजवळ आहे, ही आपली मोठीच जमेची बाजू होय. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने त्याच्याशी जोडून उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालय, तसेच सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय व तेथील भौतिकोपचार महाविद्यालय, येथे अस्थिरोग व भौतिकोपचार या दोन्ही शाखांचे तज्ज्ञ भेटतात. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र काढले नसेल तर त्याचा अर्ज आधी करावा. १९९९ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण मिळते, त्याची चौकशी करावी. रुग्णालयात जाताना ती वही सोबत न्यावी, वापरातला जुना बूटही न्यावा, कारण त्याचा तळ कोणत्या बाजूने झिजला आहे हे पाहून तज्ज्ञाला पुष्कळ काही कळते.

वाचकहो, आपल्या घरी किंवा शाळेत असा एखादा खेळाडू असेल तर आज सायंकाळी तो सरावाहून परतल्यावर त्याला पाटावर बसवा, त्याला विचारून त्याचे पाऊल मांडीवर घ्या, कोमट पाण्याने धुवा, बेचक्या पुसा, बोटांपासून टाचेपर्यंत हात फिरवून पाहा, त्याच्या बुटात स्वतःचा हात घालून आत काही टोचते का ते चाचपा, आणि जे दिसेल ते तारीख घालून वहीत लिहा. उद्या सायंकाळी पुन्हा पाहा.